बहीण आत होती

गेल्या वर्षी जानेवारीतल्या एका दुपारी संपत नरोटे माझ्या दुकानात आला, मोबाईल काउंटरवर ठेवला आणि म्हणाला, "हा फोटो मोठा करून देता काय?"

नारायण पेठेत माझं झेरॉक्सचं दुकान आहे. वरच्या दोन मजल्यांवर सुशीलाबाई घैसासांची अभ्यासिका, म्हणजे स्पर्धा परीक्षांच्या मुलामुलींना बसून वाचायची जागा. संपत तिथला दारावरचा माणूस. सकाळी सहाला कुलूप काढायचं, टेबलं पुसायची, प्यायचं पाणी भरायचं, येणाऱ्याचं ओळखपत्र बघायचं आणि दिवसभर जिन्याच्या तोंडाशी बसून राहायचं. सात वर्षं मी त्याला रोज बघत होतो. त्या सात वर्षांत तो माझ्याशी जेवढं बोलला असेल, ते सगळं ए-फोर कागदाच्या एका बाजूवर मावलं असतं.

फोटो बातमीतला होता. मांडवाखाली पंधरा-सोळा माणसं दोन ओळींत उभी होती, प्रत्येकाच्या हातात फुलांचा गुच्छ, मागे पोलीस अधिकारी. गडचिरोली जिल्ह्यात नक्षलवाद्यांनी शस्त्रं खाली ठेवली, अशी बातमी. मी फोटो मोठ्या कागदावर काढून दिला. तो तिथेच काउंटरवर वाकला आणि एकेका चेहऱ्यावर बोट ठेवून बघायला लागला. आधी पुढची ओळ, मग मागची, मग परत पुढची. मागे दोन मुली हॉलतिकिटाच्या प्रती काढायला ताटकळल्या होत्या. त्यांचं काम उरकून मी परत वळलो तरी तो तसाच.

"कोणी ओळखीचं आहे का?" मी विचारलं.

"बहीण आहे माझी यात."

"कुठली?"

"तेच पाहून राहिलो," तो म्हणाला.

खाली नावांची यादी होती. त्यात 'सुजाता ऊर्फ मैना नरोटे' असं नाव होतं. फोटोत बायका सहा. सहापैकी आपली बहीण कोणती, हे त्याला कळत नव्हतं.

मी त्याला आत स्टुलावर बसवलं. चहा मागवला. त्या दिवशी तो थोडं बोलला. पुढे वर्षभरात उरलेलं, तेही तुकड्यातुकड्यानं. ते जुळवून मी इथे सांगतो आहे.

संपतचं गाव भामरागडच्या पुढे, नदीपलीकडे. पंचवीस-तीस घरं. घरात माडिया बोलतात. मराठी तो आश्रमशाळेत शिकला. मैना त्याच्यापेक्षा चार वर्षांनी लहान. गळा गोड, म्हणून गावात कुठेही नाच असला की पहिल्यांदा तिला हाक. संपत बारावीला तालुक्याच्या गावी राहत होता तेव्हा जंगलातल्या लोकांची गाणी म्हणणारी एक टोळी गावात आली. तीन दिवस राहिली. ती गेली तेव्हा मैनाही गेली. तिला पंधरावं लागलं होतं.

त्या भागात नक्षलवाद्यांत गेलेल्या माणसांना 'आत गेलेले' म्हणतात. आई म्हणाली, नेली. बाप म्हणाला, गेली. त्या एका शब्दावरून दोघं नवराबायको पुढे कित्येक वर्षं भांडली.

दोन वर्षांनी पोलीस भरती निघाली आणि संपत पोलिसात लागला. मी त्याला विचारलं, "का हो? बहीण तिकडे आणि तुम्ही इकडे?"

"धावता येत होतं," तो म्हणाला. थोड्या वेळानं म्हणाला, "वाटलं, आपण शोधून आणू."

त्याला जंगलात फिरणाऱ्या पथकात घेतलं, कारण त्याला भाषा येत होती आणि वाटा माहीत होत्या. आणि ज्या दिवशी त्यानं वर्दी घातली, त्या दिवसापासून त्याला घरी जाता येईना. पोलीस झालेला गावचा पोरगा गावात दिसला, तर आतले लोक त्याला सोडत नव्हते. मैनाला पोलिसांमुळे येता येत नव्हतं, संपतला तिच्या लोकांमुळे. दोघंही घरापासून एका दिवसाच्या चालीवर, आणि घरात म्हातारा-म्हातारी एकटी.

आई महिन्यातून एकदा तालुक्याच्या बाजाराला यायची. अठरा किलोमीटर पायी. संपत साध्या कपड्यांत जाऊन तिच्याशेजारी बसायचा. कोणी बघितलं तर मीठ विकत घ्यायला थांबलेला माणूस वाटावा इतकं अंतर ठेवून. आई समोर बघत बोलायची. तिचा प्रश्न दर वेळी एकच: "तुमच्यासमोर बायका पण असतात का?"

"असतात."

"पोरीचं तोंड बघत जा."

तेच त्याच्या नोकरीचं काम झालं, हे त्यानं आईला कधी सांगितलं नाही. चकमक संपली की मेलेल्यांची ओळख पटवायला त्यालाच पुढे बोलवत. पडलेल्या बाईजवळ जाऊन, खांद्याला धरून उताणी करायची आणि चेहरा बघायचा. अकरा वर्षं. किती वेळा, ते मी विचारलं नाही. दहा पावलं असोत की तीस, ती पावलं चालताना छातीत काय व्हायचं ते सांगायला त्याच्याकडे मराठीत शब्द नव्हता. माडियात एक आहे म्हणाला, पण त्याचा अर्थ तापासारखा काहीतरी होतो.

पथकात त्याचा जोडीदार होता रतन कोवासे. दोघं एकाच पुडीतला तंबाखू-सुपारीचा खर्रा खायचे, एका चादरीखाली झोपायचे. रतनला मैनाबद्दल माहीत होतं. पथकात सगळ्यांनाच माहीत होतं, पण रतन एकटा तिचं नाव घेऊन विचारायचा. रतनचं लग्न झालं होतं. हेमा त्याची बायको.

दोन हजार सोळाच्या उन्हाळ्यात एका नाल्यावर सकाळी गोळीबार सुरू झाला. वीस-पंचवीस मिनिटं चालला. थांबल्यावर संपतला हाक आली. नाल्याच्या पलीकडच्या काठावर एक मुलगी पालथी पडली होती. दोन वेण्या, दोन्ही दुमडून कानांवर बांधलेल्या. मैना लहानपणापासून वेण्या तशाच बांधायची. दुसऱ्या कोणाच्या तशा त्यानं पाहिल्या नव्हत्या.

संपत तिच्याजवळ गेला. खांद्याला हात लावला. उलटवली.

मैना नव्हती.

"मी हसलो," तो मला म्हणाला. "आवाज झाला एवढा हसलो. पोरगी मेलेली माझ्या हातात, आणि मी हसून राहिलो. आणि मागून कोणीतरी ओरडून राहिला की रतन गेला, रतन गेला."

रतनच्या घरी तो दिवसकार्याला गेला, पण कुंपणाच्या आत पाऊल टाकलं नाही. आत हेमा रडत होती, आणि त्याच्या अंगात बहीण जिवंत असल्याचा आनंद अजून होता. तो जाईचना. रडणाऱ्या बायकांसमोर तो आनंद घेऊन कसं बसायचं, म्हणून कुंपणाला धरून उभा राहिला आणि परत गेला. पुढच्या वर्षी त्यानं नोकरी सोडली.

पुण्यालाच का आलात, असं मी विचारलं तेव्हा म्हणाला, "मराठी चालते असं सगळ्यात लांबचं हेच होतं."

सुशीलाबाईंनी त्याची मुलाखत घेतली ती मी ऐकली आहे, कारण त्यांनी ती माझ्याच दुकानात घेतली. बाई तेव्हा अडुसष्ट वर्षांच्या, भूगोलाच्या निवृत्त शिक्षिका. अभ्यासिकेच्या भिंतीवर त्यांच्या हस्ताक्षरात पाट्या आहेत. एक अशी: 'झोप येत असल्यास घरी जावे. तेथे ती फुकट मिळते.'

"आधी काय करत होतात?"

"शेती जी."

"मोबाईलवर मोठ्यानं बोलता का?"

"कोणाशी बोलणार जी?"

"मग उद्यापासून या," बाई म्हणाल्या.

गच्चीवरच्या खोलीत तो राहायला लागला. त्याच्या काही सवयी मला विचित्र वाटायच्या. सकाळी पेपर आणायला अप्पा बळवंत चौकात जाताना ज्या गल्लीनं जायचा, त्या गल्लीनं कधी परत यायचा नाही. रस्त्यात नव्यानं बुजवलेला खड्डा दिसला की त्यावर पाय ठेवायचा नाही. लांबून वळसा घालायचा. पुण्यात हा नियम पाळायचा म्हणजे माणसानं घराबाहेरच पडू नये. मी एकदा तसं बोललोही. तो हसला नाही. "उकरलेल्या मातीत काय पुरलं असेल ते आपल्याला माहीत नसते," एवढंच म्हणाला. मला वाटलं, केबलबद्दल बोलतो आहे.

मुलं चहाला खाली यायची तेव्हा त्यांच्या चर्चा त्याच्या कानावर पडायच्या. तेजस नावाचा एक हुशार मुलगा होता. तो मित्रांना समजावत होता, "नक्षलवादाची कारणं हमखास येतात रे. भौगोलिक, आर्थिक, सामाजिक, प्रशासकीय आणि उपाययोजना. पाच हेडिंग्ज टाकली की पंधरापैकी दहा कुठे गेले नाहीत." संपत तिथेच पायरीवर बसून ओळखपत्रांच्या नाड्या सोडवत होता. तेव्हा मला काहीच माहीत नव्हतं, म्हणून मी त्याच्याकडे बघितलंही नाही. आता ते आठवतं.

बाप आधीच गेला होता. दोन हजार वीसमध्ये, सगळं बंद असताना, आई गेली. निरोप त्याला नऊ दिवसांनी पोचला. मैनाला कधी पोचला, पोचला की नाही, हे सांगणारं कोणी नव्हतं.

तर असा तो फोटो. संपतनं तो गुंडाळून वर नेला. महिनाभर रोज बघत होता. शेवटी पुढच्या ओळीतल्या डावीकडच्या दुसऱ्या बाईवर त्याचं मत बनलं. ते चुकीचं होतं, हे नंतर कळलं.

मार्चमध्ये मैनाचा फोन आला. नंबर तिनं पोलिसांकडूनच मिळवला होता. संपत म्हणाला, पहिल्या फोनला दोघं मिळून चार-पाच वाक्यं बोलले असतील. आवाज ओळखू आला का, असं मी विचारलं. "नाही," म्हणाला. "पण दादा कोणी म्हणत नाही मला."

मग दर काही दिवसांनी फोन. ती आता गडचिरोलीजवळ, शरण आलेल्यांच्या वसाहतीत राहत होती, शिवणकाम शिकत होती. नोव्हेंबरमध्ये ती म्हणाली, परवानगी मिळाली आहे, येते भेटायला. संपतची पंचाईत झाली. खोली त्याची नव्हती. तो सुशीलाबाईंकडे गेला; मी धीर द्यायला सोबत.

"बहीण येऊन राहिली आहे माझी. चार दिवस."

"येऊ द्या की. त्यात विचारायचं काय?"

"ती नक्षलवाद्यांत होती जी. वीस वर्षं. आणि मी पोलिसात होतो. शेती म्हणून सांगितलं होतं, ते खोटं."

बाईंनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. मला वाटलं, आता काहीतरी धारदार ऐकायला मिळणार.

"चादर धुतलेली आहे का?" त्यांनी विचारलं.

"हो जी."

"उशी माझ्याकडून न्या."

पुणे स्टेशनवर संपत गाडी यायच्या दोन तास आधी जाऊन उभा राहिला. बल्लारशाकडून आलेली गाडी रिकामी झाली. तो फलाटावर पुढे-मागे चालत प्रत्येक बाईच्या तोंडाकडे बघत होता. एक बारीक, काळीसावळी, केस कापलेली बाई त्याच्यासमोर येऊन थांबली. तो तिच्या डोक्यावरून मागे बघत राहिला.

"जाड झालास," ती माडियात म्हणाली.

तेव्हा त्यानं खाली बघितलं. तरीही त्याला पंधरा वर्षांची मैना त्या चेहऱ्यात सापडेना. तिनं त्याला कसं ओळखलं, हा प्रश्न तेव्हा त्याच्या मनात आला नाही.

पहिले दोन दिवस नुसते गेले. मैना पलंगावर झोपेना. खोलीचं दार लावू देईना. मी त्यांना कोपऱ्यावरच्या हॉटेलात जेवायला नेलं, तर दोघंही एकाच खुर्चीकडे वळली: भिंतीला पाठ आणि दाराकडे तोंड असलेली. दोघं थांबली. एकमेकांकडे बघितलं. शेवटी शेजारच्या टेबलाची खुर्ची ओढून दोघं भिंतीला पाठ लावून शेजारी शेजारी बसली आणि मी समोर, मुलीची सोयरीक ठरवायला आल्यासारखा. ती भरभर जेवत होती, तोही. मला पहिली पोळी संपवायला जेवढा वेळ लागला, तेवढ्यात त्यांची ताटं रिकामी झाली होती.

तिसऱ्या दिवशी सुशीलाबाई म्हणाल्या, "बहिणीला काय जिन्यातच बसवून ठेवणार आहात? कात्रजला न्या. प्राणिसंग्रहालय आहे, तळं आहे. पुण्यात आलेला माणूस तेवढं तरी बघतो."

म्हणून ती दोघं कात्रजला गेली. शाळेची सहल आलेली होती, मुलांच्या रांगा चालल्या होत्या. मैना अस्वलापाशी बराच वेळ थांबली. मग म्हणाली, "हे चालून चालून एकाच जागी परत येतंय." दोघं तळ्याच्या बाजूला झाडाखाली बाकावर बसली. दुपारची वेळ. तिथे ती दोघं बोलली. पुढचं संभाषण संपतनं मला सांगितलं तसं देतो. त्यांनी ते माडियात केलं होतं.

मैना म्हणाली, "मी तुला दोनदा पाहिलंय."

"कधी?"

"तू पोलिसात असताना. एकदा डोंगरावरून. तुम्ही खाली रांगेत चालला होता. तू तिसरा होतास. एका बाजूला कलून चालतोस तू, अजून. स्टेशनावर त्यावरूनच ओळखलं."

"सांगितलं नाहीस कोणाला?"

"काय सांगणार? माझ्या बंदुकीसमोरून माझा भाऊ चाललाय म्हणून?"

संपतनं मग विचारलं, "दुसऱ्यांदा?"

"नाल्यावर. उन्हाळ्यात."

त्याला कळायचं ते कळलं. तरी त्यानं विचारलं, "गोळ्या चालवल्यास?"

"चालवल्या. तू?"

"चालवल्या."

सहलीतली मुलं समोरून जात होती. शाळेच्या बाई त्यांना हात धरायला सांगत होत्या. ती रांग जाईपर्यंत दोघं थांबली.

"माझा एक दोस्त गेला त्या दिवशी," संपत म्हणाला. "रतन. तुझं नाव माहीत होतं त्याला. सापडली तर आपण तिला शाळेत घालू, म्हणायचा. मस्करीत."

मग संपतनं तिला ते सांगितलं, जे तोवर कोणालाच सांगितलं नव्हतं. पालथी पडलेली मुलगी, दुमडून कानांवर बांधलेल्या वेण्या, तिला उलटवणं, आणि ती मैना नाही म्हणून आपलं हसणं. सांगताना त्याला वाटत होतं, निदान ही एक तरी समजून घेईल. तिच्यासाठीच तर हसलो होतो.

मैनाचा चेहरा हलला नाही. "सोमरी होती ती," ती म्हणाली. "नऊ वर्षं आम्ही एका प्लास्टिकच्या कागदाखाली झोपलो. तिच्या वेण्या मी घालायची. त्या दिवशी सकाळीही मीच घातल्या होत्या. तिला पुढे पाठवलं आणि मी मागे राहिले, कारण माझा पाय मुरगळला होता."

रतनला कोणाची गोळी लागली, सोमरीला कोणाची, हे दोघांनाही माहीत नाही, आणि आता ते सांगणारं जगात कोणी नाही. वीस वर्षांनी भेटलेले भाऊबहीण एका बाकावर बसले होते, आणि दोघांनाही आपापल्या माणसासाठी रडायचं होतं, पण समोरच्यासमोर रडता येत नव्हतं. थोड्या वेळानं मैना उठली. नळावर जाऊन तोंड धुऊन आली. परत येताना बसमध्ये बायकांच्या बाजूला जागा होती, ती तिथे बसली. हा मागे उभा राहिला. स्वारगेटपर्यंत दोघांनी एकमेकांकडे बघितलं नाही.

ती जायच्या दिवशी सकाळी म्हणाली, "आईचा दगड राहिलाय."

त्यांच्यात गेलेल्या माणसाच्या नावानं गावाबाहेर दगड उभा करतात. ते घरच्यांनी करायचं असतं. पाच वर्षं झाली होती, आई तशीच होती, बिनदगडाची. गावानं तिला माती दिली, पण दगड ठेवला नाही. तिची दोन लेकरं जिवंत आहेत, असं गाव म्हणत होतं.

"बघतो," संपत म्हणाला. गाडी सुटली.

हे सगळं त्यानं मला डिसेंबरात सांगितलं. मी शहाणपणा केला. म्हटलं, जाऊन या. तो तीन महिने गेला नाही. मार्चमध्ये एक दिवस सुशीलाबाईंना म्हणाला, पंधरा दिवस सुट्टी पाहिजे. सात-आठ वर्षांतली ती त्याची पहिली सुट्टी. बाई म्हणाल्या, "मी बसते दारावर. बघू, कोण ओळखपत्राशिवाय आत जातं ते." आणि खरोखर बसल्या. त्या पंधरा दिवसांत अभ्यासिकेत टाचणी पडली असती तर खाली मला ऐकू आली असती.

मैना गडचिरोलीहून सोबत आली. गावात दोघं एकत्र शिरली तेव्हा लोक दारांत उभे राहिले, पण कोणी पुढे आलं नाही. काही घरांतली माणसं आतल्यांनी मारलेली, काही घरांतली पोरं पोलिसांच्या गोळीनं गेलेली. त्यामुळे निम्मं गाव हिच्याशी बोलेना आणि निम्मं याच्याशी. घर पडलेलं होतं. दोघांनी कुडाच्या एका भिंतीच्या सावलीला पथाऱ्या टाकल्या.

दगड डोंगरातून आणायचा, तर आठ-दहा माणसं लागतात. पहिल्या दिवशी कोणी आलं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. तिसऱ्या दिवशी संपत आणि मैना दोघंच गेली आणि दोघांना पेलेल एवढा दगड निवडून वेलींनी ओढायला लागली. दुपारपर्यंत अर्धी वाट झाली. मैनाच्या हाताची कातडी सोलली. मग आईच्या वयाची एक म्हातारी काठी टेकत आली. दगडाला हात लावून म्हणाली, "एवढासा? तिला लाज वाटेल." आणि गावाकडे तोंड करून तिनं मोठमोठ्यानं शिव्या द्यायला सुरुवात केली. सहा माणसं आली. दगड मात्र तोच राहिला, लहानसाच, कारण वाटेत आलेला दगड परत नेत नाहीत. बापाच्या दगडाशेजारी तो उभा राहिला. कमरेलाही लागत नाही, संपत म्हणाला.

येताना तो हेमाकडे गेला. मैनाला त्यानं बसनं पुढे पाठवलं होतं. दहा वर्षांनी तो रतनच्या कुंपणाच्या आत शिरला. हेमा अंगणात मोहाची फुलं पसरत होती. तिनं पाणी दिलं, बसायला पाट दिला.

"बहीण आली म्हणतात बाहेर," ती म्हणाली.

"आली."

"बरी आहे?"

"आहे."

मग त्यानं तिला सांगितलं. मैना त्या दिवशी नाल्यावर होती, हे सांगितलं. रतन पडला त्याच वेळी आपण हसलो होतो, हेही सांगितलं. रस्ताभर शब्द जुळवत आला होता. हेमा फुलं पसरता पसरता थांबली नाही. त्याचं संपल्यावर म्हणाली, "मला काहून सांगून राहिला हे?"

तो म्हणाला, "माहीत पाहिजे तुम्हाला."

"नाही. तुला हलकं वाटावं म्हणून सांगून राहिला." तिच्या आवाजात राग नव्हता. "दहा वर्षं मला वाटत होतं, तो गेला तेव्हा तू तरी त्याच्याजवळ बसला असशील. त्याच्यावर निभवत होती मी."

तो उठला. ती त्याला फाटकापर्यंत सोडायला आली, रीत म्हणून. बाहेर पडताना तिनं विचारलं, पुण्याला जेवणाचं काय करतोस. तो म्हणाला, हातानं करतो.

आता तो परत इथेच आहे. मैना वसाहतीत असते, तिचं शिवणकाम बरं चाललंय. रविवारी दुपारी फोन येतो. तो गच्चीवर जाऊन बोलतो, पाण्याच्या टाकीच्या सावलीत बसून. एकदा मी काही कामानं वर गेलो होतो तेव्हा ऐकलं: तो माडियात बोलत होता, अगदी हळू. काय बोलता, असं नंतर विचारलं. म्हणाला, "कोंबड्या. ऊन. कोणत्या बाईचा ब्लाउज बिघडला ते." कात्रजच्या बाकावरचं पुन्हा कधी निघालं नाही. हेमाकडे काय झालं, ते त्यानं मैनाला सांगितलेलं नाही.

मागच्या आठवड्यात मी त्याला म्हटलं, "संपतराव, आता तिकडे शांत आहे म्हणतात. बहीण आहे, गाव आहे. इथे गच्चीवर एकटे किती दिवस राहणार?"

"तिथं सगळ्यांना माहीत आहे जी," तो म्हणाला. "इथं कोणाला काही माहीत नाही."

"मला माहीत आहे की."

त्यानं माझ्याकडे बघितलं. "तुम्ही ऐकलं आहे," तो म्हणाला. त्यात टोमणा नव्हता. जे आहे ते सांगावं तसं म्हणाला. मग घड्याळ बघून उठला, कारण मुलांची जेवणाची सुट्टी संपत आली होती, आणि जिना चढायला लागला, एका बाजूला थोडा कलून, कठड्याला हात न लावता.